जिचा आजार तिला

नागपूर, ९ ऑगस्ट १९७४

ती. रामाजीदादास,
धाकट्या बहिणीचा आदराचा जयभीम.

जयवंतावहिनी काल विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, अर्धवट टाकून उमरेडच्या बसमध्ये बसली. मी ड्यूटीवर आले तर खाट रिकामी. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली म्हणे, रक्त थांबलं, सूज होती ती उतरली, आता हातमागावर बसते. तिचं काय चुकलं? गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे हे तुला ठाऊक, मला ठाऊक, तिलाच नाही.

डॉक्टरांना भेटले. शेक पुरे करून रेडियम ठेवलं तर आशा आहे, पण खंड वाढू नये, म्हणाले. तुम्हीच तिला सांगा, अशी मी त्यांना गळ घातली. नवऱ्याने मनाई केली आहे, एवढंच बोलले. दादा, तू सांग, नाहीतर मला सांगू दे.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझी प्रेमिला

उमरेड, १३ ऑगस्ट १९७४

चि. प्रेमिलास,
दादाचा आशीर्वाद.

मायले हाच रोग निघाला, तिनं नाव ऐकलं आन् अन्न सोडलं. तू तेव्हा नर्सिंगच्या होस्टेलात होती. तिले शेवटचं पाणी पाजणारा मी होतो. जयवंता हासून-बोलून राहिली, तिचा जीव मीच खचवू काय? नागपूरले चल म्हटलं तर काहून म्हणते, अंग तर बरं आहे. समजावून पाहतो. पण नाव काढायचं नाही. तुले तेच सांगायचं असेल तर इकडे येऊ नको.

तब्येतीले जपजो.
रामाजी

उमरेड, २० नोव्हेंबर १९७४

प्रिय प्रेमिलास,
वहिनीचा मनापासून जयभीम.

भावानं येऊ नको लिहिलं तरी ऑगस्टातल्या त्या रविवारी तू आली. मी विचारलं, मले काय झालं? तू सांगितलं. बरं होईलच असं नाही, हेही सांगितलं. मी रडली नाही, हे रडले.

तेव्हा बोलली नाही ते आता लिहून राहिली. अंगाले वास येई म्हणून मी अंथरूण वेगळं टाकत होती. हे माह्याकडे पाहत नव्हते. मले वाटे, यांले माही किळस आली. ते तर डोळ्यातलं पाणी लपवत होते.

आता शेक झाले, रेडियमही झालं. डॉक्टर माह्याशीच बोलतात. दर तीन महिन्यांनी तपासायले बोलावलं. भेव आहे, पण जेवण जाते.

मागच्या घरच्या तुळसाबाईची पाळी कधीची गेली, तरी रक्त जाऊन राहिलं. तिले पुढच्या खेपेले सोबत आणीन. डॉक्टरांले आधीच सांगून ठेवजो, जे निघेल ते तिलेच सांगा. मी तिच्या बाजूले बसून राहीन.

आहे तसाच जीव लावत राहजो.
जयवंता