गाळलेलं वाक्य

इर्याताई,

तुझा बालवर्ग आता माझ्याकडे आहे. पद्धत तुझीच. मूल गोष्ट सांगतं, मी शब्दही न बदलता लिहिते, वाचून दाखवते आणि विचारते, काही बदलायचंय का?

आज पाच वर्षांची हिल्मा सांगत होती, "तळ्यावरचा बर्फ फुटला. मोठी बहीण पाण्यात पडली. तिने धाकटीचा हात धरला. धाकटीने तो सोडवून घेतला."

घरी मी तुझा हात निसटला म्हणून सांगितलंय. वाचताना शेवटचं वाक्य गाळलं.

हिल्माला अजून अक्षरओळख नाही. तिने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "साइमी, हे राहिलं की."

मी वाचलं. मग पद्धतीप्रमाणे विचारलं, "काही बदलायचंय?"

तिने तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"नको म्हणतेय."

तुझी धाकटी,
साइमी