बरणीतलं मूत्रपिंड

नळदुर्ग, १४ एप्रिल १९५८

आमचा शरणबसप्पा म्हणतो, लग्न मोडा! सुपारी फुटली, अक्कलकोटच्या पोरीला लुगडं घेऊन झालं, आणि हा ताटावरून उठून — "मला करायचं न्हाय." का रं, विचारलं तर चूळ भरून बाहेर गेला. त्याच्या आईनं, सिद्धम्मानं, डोळ्याला पदर लावला. मी तेलाच्या घाण्याकडं जाऊन बसलो. बैलाला काय विचारणार!

१६ एप्रिल

सिद्धम्मा हळूच म्हणाली, "पोरगं अधनंमधनं पहाटं आपलं धोतर आपणच धुतंय. जेवलेलं ताट कधी न उचललेलं!"

उमगलं मला. झोपेत वीर्य जातं ते. चोवीस वर्षांचा गडी, जायचंच. सोलापूरच्या जुन्या बाजारात आरोग्याचं एक पुस्तक घेतलं होतं, अक्षराला अक्षर लावून वाचलं होतं — त्यातही हेच. आणि पुस्तक कशाला हवं? मला नव्हतं का होत, लग्नाआधी? पण बापानं लेकाशी बोलायची गोष्ट आहे का ही!

१९ एप्रिल

आज फुटला एकदाचा. "अप्पा, माझं मूत्रपिंड वाळत चाललंय. लोकाच्या पोरीचं वाटोळं कशाला करू?"

कोण म्हणालं? तर सडकेला ट्रक थांबतात तिथं तंबू ठोकलेला वैदू.

गेलो. काचेच्या बरणीत काहीतरी काळपट, सुरकुतलेलं. वैदू म्हणतो, "हे अशाच एका जवानाचं मूत्रपिंड, बाबा! धातू तिथं साठते. झोपेत गळली की पिंड असं वाळतं." उपाय — त्याची लाल पुडी, आणि दुपारनंतर पाण्याचा थेंब नाही. पाण्यासंगं धातू वाहून जाते म्हणे!

खोटं म्हणायला तोंड उघडलं मी. पण आम्ही लिंगायत, जन्मात मांसाला हात लावलेला नाही. मूत्रपिंड असं दिसतं का तसं, कशावरून सांगू? तसाच माघारी आलो.

२२ एप्रिल

शेजारच्या बाबामियाँ खाटकाला घेऊन गेलो. बरणी बघून लई हसला. "अण्णा, ये तो बकरेका गुर्दा! बकऱ्याचं मूत्रपिंड, मीठ लावून वाळवलंय. उद्या दुकानात या, टोपलीभर दावतो!"

जीव भांड्यात पडला. घरी येऊन शरणूला सांगितलं. तो म्हणतो, "माणसाचा कधी बघितलाय का बाबामियाँनी?"



२५ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. पोरगा दिवसभर घाण्यामागं. ओठ फुटलेत, पण माठाकडं बघत नाही. सिद्धम्मानं ताक पुढं केलं तर — "अव्वा, मारती का मला?"

आज सांगायचं ठरवलंच होतं. बाबा रे, मलाही व्हायचं, मग तू कुठनं आलास? जवळ बसलो. घसा खाकरला. म्हणालो, "बैलाला पेंड घातलीस का?"

"घातली."

उठलो. भेकड!

३० एप्रिल

लघवी लाल झाली. रडला. "बघा, वैदू खोटं बोलला का?" आता पुडी दुप्पट. मी सगळ्या पुड्या उकिरड्यावर फेकल्या, तर जाऊन नव्या आणल्या.

३ मे, सोलापूर

पाय सुजले, तोंड सुजलं. तंबू उठून गेला, वैदूचा पत्ता नाही. बाबामियाँनं सडकेवर ट्रक अडवला, दवाखान्यात आणलं.

४ मे

डॉक्टर विचारतात, पाणी का सोडलं? शरणू माझ्याकडं बघतो, मी खिडकीकडं. शेवटी बाबामियाँनंच सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, झोपेतल्या त्या गोष्टीचा आणि मूत्रपिंडाचा काडीचा संबंध नाही! मूत्रपिंड रक्त गाळतं, लघवी करतं. ह्याचं धडधाकट होतं. घात केला तो पुडीनं — पारा असणार तिच्यात — आणि तहानेनं."

होतं, म्हणाले.

५ मे

आज बोललो. कानाशी तोंड नेऊन — "मलाही व्हायचं रे. तुझ्याएवढा होतो तेव्हा."

उशीवरनं मान उचलली. मग त्या सुजलेल्या तोंडानं हसला. "अप्पा! तुम्हालाबी?" किती दिवसांनी हसला! म्हणाला, "पाणी द्या."

मी तांब्या उचलला. नर्सबाईंनी हात धरला. "आता नाही, बाबा. लघवी बंद झालीय. दिलेलं पाणी छातीत भरेल."