टाकी केवढी घ्यायची

प्रिय सूनबाई,

हल्ली फोनवर तू "सगळं ठीक ना, आई?" विचारतेस, मी "ठीक" म्हणते, की संपलं बोलणं. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. फोन मधेच कुणाच्या हातून काढून घेता येतो, पत्राचं तसं नसतं. गेल्या हिवाळ्यात तू आली नाहीस. घर फार गार, चिंगीला खोकला होतो, असं म्हणालीस. ते खोटं नव्हतं, पण तेवढंच नव्हतं, हे मला कळतं. माझा लेक गेला, आता तुझं येणंही असंच तुटत तुटत बंद होणार, ही धास्ती तेव्हापासून मनात आहे. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. तर बातमी अशी की आपला घर तापवणारा जुना बॉयलर गेला.

तुला आठवतं ना ते जिन्याखालचं धूड? तेल प्यायचं आणि सकाळी पेटताना अख्खं घर हादरवायचं. त्याची नस फक्त तुझ्या नवऱ्याला सापडली होती. पान्याचा एक टोला वर, एक खाली, की लागलं घुरघुरायला. तो गेल्यावर तुझ्या सासरेबुवांनी ते टोले उचलले. रोज सकाळी पाना घेऊन जिन्याखाली जायचे. दुरुस्तीवाला हात जोडून म्हणायचा, आता याला निवृत्ती द्या. सासरेबुवा ऐकायचे नाहीत आणि मीही नेट लावत नसे. ते तिथं बॉयलरसाठी जात नव्हते, हे मला माहीत होतं.

शेवटी बॉयलरलाच भोक पडलं आणि जिन्याखाली तेल नि पाण्याचं तळं झालं. समोरच्या मास्तरीणबाईंनी हीट पंप बसवला आहे, तिथं मी बघून आले. बाहेर भिंतीशी पंख्याचं एक खोकं ठेवतात, ते हवेतली ऊब ओढून घरातलं पाणी तापवतं. कडाक्याच्या थंडीतही हवेत थोडी ऊब असतेच म्हणे. सासरेबुवा म्हणाले, "बाहेर आपले दात वाजतायत, आणि तिथून ऊब आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी म्हटलं, आपला फ्रीज नाही का पोटातली ऊब काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकत? हा त्याचाच उलट्या डोक्याचा भाऊ. यावर त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं, म्हणजे हरले.

पहिला विक्रेता आला तो घरात न हिंडताच सगळ्यात मोठा पंप घ्या म्हणाला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग एक बाई आली, टेप घेऊन. खोलीन् खोली, खिडक्या, भिंती, दाराखालच्या फटी, सगळं मोजलं तिनं. मुलगी बघायला आल्यासारखी घर बघत होती. म्हणाली, गरजेपेक्षा मोठा पंप घेतला तर सारखा चालू-बंद होत राहील, बेताचाच घ्या. तुमची खोली आम्ही बंद ठेवली होती, आतला गरम पाण्याचा रेडिएटरही बंद. ऊब वाचवायला, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. बाई म्हणाली, या पंपाला सगळं घर सारखं, मंद तापलेलं आवडतं. ही खोली वापरात आहे का? सासरेबुवांनी माझ्याकडे बघितलं. मग मी म्हटलं, आहे. तिथं आता खिडकीखाली मोठा रेडिएटर बसला आहे आणि तुझा तो लांब पडदा मला वर दुमडून शिवावा लागला.

बॉयलर काढला त्या दिवशी सासरेबुवांनी शेवटचा नट स्वतः सोडवला. पाना धुऊन, पुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. मला रडू आलं, त्यांनाही आलं, आणि पंप बसवणारी माणसं बिचारी उगाच बाहेर जाऊन उभी राहिली.

त्यानंतरचे प्रताप ऐक. जन्माची सवय, रोज झोपताना हे पंप बंद करायचे. पहाटे घर गारठलेलं, की हे विजयी मुद्रेनं म्हणायचे, "बघ!" रेडिएटरला हात लावून म्हणायचे, कोमट आहे, फसवलं आपल्याला. टेपवाली बाई येऊन सांगून गेली, कोमटच असतो तो, त्याला त्याच्या चालीनं चालू द्या. यांनी ऐकलं. पण मग थंडी वाढली आणि बाहेरच्या खोक्यावर हिमाचा थर दिसायला लागला. तो पंप आपला आपण वितळवतो, हे बाईनं सांगितलं होतं. तरी एका सकाळी पंप ठप्प. बाहेर जाऊन बघते तर खोक्याला आपली जाड गोधडी चारी बाजूंनी नीट गुंडाळलेली. बाई हसून हसून खाली बसली. म्हणाली, "अहो आजोबा, तो श्वास कुठून घेणार?" आजोबा पुटपुटले, "कुडकुडत होता." ज्या वस्तूला महिनाभर नावं ठेवली तिलाच गोधडी. असा माणूस आहे तुझा सासरा. आता घर इतकं छान सारखं उबदार असतं की माझी शाल कुठे पडलीय तेही आठवत नाही.

एक गोष्ट राहिली, तीच सांगायला एवढं लिहिलं. मापं घेऊन झाल्यावर बाईनं विचारलं होतं, आंघोळीच्या पाण्याची टाकी केवढी घ्यायची? घरात माणसं किती? मी म्हटलं, आम्ही दोघं. सून आणि नात आल्या की चौघं. ती लिहायला लागली, तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज आला, "पाच लिहा." मला तुझा तो फोन आठवला. त्या दिवशी चिंगी मला सांगत होती ना, की आमच्याकडे येतो तो काका माझी वेणी घालतो पण वाकडी घालतो, आणि तू घाईनं तिच्या हातून फोन काढून घेतलास, तेव्हा फोन स्पीकरवर होता गं. यांना कमी ऐकू येतं म्हणून मी तसाच लावते. मी त्यांच्याशी याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, त्यांना झेपणार नाही म्हणून. बाईनं विचारलं, पाचवं कोण? सासरेबुवांनी पान उलटलं आणि म्हणाले, "जावयाला काय गार पाण्यानं आंघोळ घालायची?" तेव्हा पाच जणांची टाकी बसली आहे, पोरी. या थंडीत त्याला घेऊन ये. सासरी येतेस असं समजू नकोस, माहेरी ये.

आधीही तुझीच होते, यापुढेही तुझीच,
आई