शांताक्काची म्हैस

मंगळवार, संध्याकाळ

शिरोळहून आत्ताच आलो. आज दोन गावांत माझी भाषणं होती.

पुरात शांताक्काच्या दोन्ही म्हशी दावणीलाच बुडाल्या. दुधावर चालणारं घर. आज मदत समितीनं तिला म्हैस दिली. त्याआधी मी अर्धा तास बोललो, मदत म्हणजे भीक नव्हे म्हणून. शांताक्कानं म्हशीच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, भाकरी ओवाळून चारली. फोटो झाले.

मग समितीचे अध्यक्ष म्हणाले, "अक्का, म्हस सोडा आता. फुडच्या गावात कार्यक्रम हाय. सध्या एकच म्हस घेतलीया. तुमची येतीया म्हैनाभरात."

"पायावर पाणी घातलंय की! घरची झाली ती. घरचं जनावर कोण न्हेतंय व्हय?"

मागून एकजण ओरडला, "अक्का, तवर फोटूचं दूध काढ की!" सगळे हसले. अध्यक्षही.

म्हैस टेंपोत चढेना. तेव्हा शांताक्कालाच कासरा धरायला लावला. लावला म्हणजे कुणी? मीही तिथेच उभा होतो ना? तिनं चुचकारत चढवली.

पुढच्या गावी अध्यक्षांनी म्हशीचं कुंकू रुमालानं पुसलं. तिथली बाई पाण्याचा तांब्या घेऊन तयारच होती. तिला खरं सांगायला माझ्या हातात माइक होता.

मी सन्मानावर बोललो. तिथं टाळ्या जास्त पडल्या.