सात नंबरच्या खाटेची बेल

मंगळवार, ३ मार्च

खोकं आलं. आत खाटेच्या उशाशी असतं ते बटण, त्याची वायर, आणि भिंतीवरचा पांढरा डबा – आमच्या कंपनीचा. साहेब म्हणाले, "दोन दिवसांत लिहून दे, यंत्र ठीक आहे म्हणून." ठीक आहे का ते बघ, असं नाही म्हणाले!

झालं ते एवढं – सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा बेल दाबत राहिले, सिस्टरच्या टेबलावर ती वाजली नाही. सकाळी अकरा वाजता, भरल्या वॉर्डात. आजोबा गेले. रुग्णालयानं सिस्टरला घरी बसवलंय. तिच्या जबाबात एकच वाक्य तीनदा आहे : "मी टेबलापाशीच होते, बेल वाजलीच नाही." साहेब तिच्या नावावर बिल फाडून मोकळे व्हायला बघतायत.

बटण किती वेळा दाबलं, हे ते स्वतःच मोजतं. आकडा काढला. एकेचाळीस.

बुधवार, ४ मार्च

एकेचाळीस. आंघोळ करताना मोजलं. फार वेळ लागतो.

गुरुवार, ५ मार्च

डब्यातला प्रोग्राम दादाचा. बटणाची हाक आली की काय करायचं, ते सगळं त्यानं लिहिलेलं. तो गेल्यावर त्याचं काम माझ्याकडे आलं, खुर्चीही आली. दीड वर्षात मी तिची उंची बदललेली नाही. पाय लोंबकळतात. आज दिवसभर त्याच्या ओळी वाचल्या. मध्ये मध्ये त्याचे शेरे – 'इथं घाई नको', 'हे सुंदर नाही, पण चालतं'. मोठ्यानं वाचले तर त्याचाच आवाज येतो. मग मनात वाचले. तरी येतो!

शुक्रवार, ६ मार्च

आईनं विचारलं, "नक्की करतं काय गं ते?" भाजी चिरत होती. म्हटलं, "तू आता चिरतेयस. दाराची बेल वाजली, तर सुरी ठेवशील, कोण आहे बघशील, 'आले' म्हणशील, काम उरकून परत भाजीकडे. यंत्र तेच करतं."

"आणि 'आले' म्हटलं नाही तर?"

"तर बाहेरचा बेल वाजवतच राहतो."

"वैताग!"

अगदी बरोबर. यंत्रही वैतागतं. लाखभर वेळा धावून गेलं आणि दारात आपल्या ओळखीचं कुणीच नाही असं दिसलं, की ते बेलची तारच बंद करून टाकतं. कायमची, कुणालाही न सांगता. मग पुन्हा चालू करेपर्यंत त्या तारेवरच्या सगळ्या खाटा मुक्या. हे आईला नाही सांगितलं.

सोमवार, ९ मार्च

सापडलं. नको होतं सापडायला.

दोन बटणं टेबलाला टेपनं चिकटवली आणि दोन्ही हातांनी एकदम दाबत बसले. दुपारी तीनपर्यंत सगळं सुरळीत. मग एकदा ताल बरोबर जमला – आणि बेल गप्प. पुन्हा दाबलं, गप्प. यंत्राच्या आतल्या नोंदवहीत ओळ आली : लाख वेळा हाक आली, कुणीही आपली म्हटली नाही, तार बंद केली.

कारण अगदी साधं. पहिल्या खाटेचं काम चालू असताना, त्याच क्षणी, दुसरी खाट हाक मारते. त्या दुसरीसाठी शेवटी पुन्हा एकदा पोच, म्हणजे 'आले', द्यायला हवी. ती पायरीच नाही, म्हणून तीच एक हाक क्षणात लाख वेळा येते. आजोबांच्या बरोबरीनं कुणीतरी पाणी मागायला बटण दाबलं असेल, बस!

ओळींपुढे लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. वरपासून खालपर्यंत बघितलं. दादा, दादा, दादा, दादा.

घराला कुलूप लावून तीनदा परत जाऊन ओढून बघणारा माणूस. आणि हे विसरला?

मंगळवार, १० मार्च

साहेबांना म्हटलं, अजून बघतेय. खोटं बोलले. दादा खुर्चीमागे उभा आहे असं दिवसभर वाटत राहिलं. रागावलेला नाही. नुसता उभा.

बुधवार, ११ मार्च

सिस्टर आली होती, चौकशीसाठी. माझ्याच वयाची. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. मला बघून उठली. "ताई, तपासणाऱ्या तुम्हीच ना? खरं सांगा – वाजली होती का? मला आता कशाचीच खात्री नाही. घरातसुद्धा बेल ऐकू येते. उठून जाते, तर काही नसतं."

म्हटलं, "तपासणी चालू आहे." आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत पळाले. माझ्यासारखी भेकड मीच. तिला म्हणायचं होतं, मलाही येते.

गुरुवार, १२ मार्च

आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल. रडली नाही. मग म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या माथी मारणं सोपं असतं गं. तो काही उलटून बोलायला येत नाही."

"आई, त्या पोरीची नोकरी जाईल."

"मग यंत्र चुकलं म्हण. त्याचं नाव कशाला?"

पण नाव विचारणारच. नाव दिलं नाही तर साहेब कानावर हात ठेवणार. मी बरोबर आहे. तरी जेवण गेलं नाही.

शनिवार, १४ मार्च

पाठवला अहवाल. 'मूळ लेखनातच पोच देण्याची शेवटची पायरी राहून गेली आहे.' खाली दादाचं पूर्ण नाव. दादा, माफ कर. तू असतास तर तूच लिहिलं असतंस, मला माहीत आहे.

सोमवार, १६ मार्च

सिस्टर परत कामावर! तिचा फोन आला, नीट बोलताच येईना तिला. साहेबांनी बैठकीच्या खोलीतला दादाचा फोटो उतरवला. आजोबांच्या मुलाला दादाचं नाव कळवलंय. आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण बोलत नाही.

तरी हलकं वाटतंय. कुणाला तरी खरं बोलावंच लागतं.

बुधवार, १८ मार्च

दुरुस्ती करायच्या आधी दादाच्या प्रोग्राममधल्या बदलांचा जुना इतिहास उघडला, सहज. शेवटची पोच तिथं होती. दादानं पहिल्याच दिवशी लिहिलेली. नुसतं वाचायचं आणि आलेला आकडा टाकून द्यायचा, एवढंच करणारी ओळ. वाचणं हीच पोच! जी ओळ उरलेलीच नाही, तिच्यापुढे नाव कुठून दिसणार?

ती काढलीय तो गेल्यानंतर नवव्या दिवशी. शेरा : 'निरुपयोगी ओळ काढली.' नाव माझं.