धक्क्याला पाचपैकी पाच

१२ नोव्हेंबर, बुधवार

पाच दिले! मी, माझ्या हातानं. पाच लाल चुंबकं उचलली आणि 'धक्का' या चौकटीत टकाटक लावून मोकळी झाले. मग खाली बारीक अक्षरातलं गावाचं नाव वाचलं.

आमचं गाव.

पत्रकारितेच्या वर्गातली ही रोजची बातम्यांची भिंत एक दिवस माझा जीव घेणार. सकाळी सकाळी तीन बातम्या टाचायच्या, प्रत्येकीखाली पाच चौकटी — ताजेपणा, महत्त्व, भांडण, आपलेपणा, धक्का — आणि कुठे किती चुंबकं यावर तासभर हुज्जत. आमची बोडिल शिकवते कमी, झुंजवते जास्त. आज तिसरी बातमी अस्गरनं आणली होती. ल्युंगबो वृद्धाश्रमातला सत्त्याऐंशी वर्षांचा म्हातारा सोमवारी संध्याकाळी कुणाला न कळता बाहेर पडला. नुसता स्वेटर अंगावर. सकाळी कुत्रं फिरवणाऱ्या बाईला बंदरातल्या बाकावर सापडला. थंडीनं गेला.

"आपलेपणा पण पाच," अस्गर म्हणाला. "आजोबा सगळ्यांनाच असतात."

"आणि महत्त्व?" बोडिल.

"पाळीवर कोण होतं त्यावर आहे."

मी उरलेली चुंबकं मोजायला लागले. कारण सोमवारी मॉर्टेनच्या सणाची संध्याकाळ होती. घरोघर बदकाचं जेवण. सगळ्यांना सुट्टी हवी असते, म्हणून दर वर्षी ती पाळी एकच बाई घेते. ती ल्युंगबोत एकोणीस वर्षं काम करते आणि ती माझी आई आहे.

१३ नोव्हेंबर

आईचा फोन आला. उचलला नाही. ट्राममध्ये होते असं नंतर कळवलं. नव्हते ट्राममध्ये. स्वयंपाकघरात उभी होते, लिव्हरचं पॅटे लावलेला पाव हातात धरून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज केक आणायची पाळी अस्गरची. दालचिनीचा होता, मधे कच्चा. तरी दोन तुकडे खाल्ले, तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

पण तो आलाच, कॉफी घेऊन, समोर बसायला. घाबरगुंडीच्या दिवसासाठी नमुन्याचा लेख हवाय ना सगळ्यांना — शिकाऊ बातमीदार म्हणून कोण कुठे जाणार ते त्या एका दिवशी ठरतं, सगळ्या शाळेचं. चांगली वर्तमानपत्रं लेख बघूनच बोलावतात. अस्गरनं ल्युंगबो घेतलंय!

"तू त्याच बाजूची ना गं, टिल्डे?"

"त्याच बाजूची म्हणजे काय, फियॉर्डची खाडी केवढी लांब आहे!"

"चिडतेस कशाला? ओळखीचं कुणी आहे का, एवढंच विचारतोय. त्या संध्याकाळी पाळीवर जी होती ती पाहिजे मला. ती बोलली की बातमीला चेहरा येतो."

"नाही कुणी ओळखीचं."

किती सहज निघालं तोंडातून! काही अडखळणं नाही, काही नाही. बातमीदार म्हणून मी काही कामाची नाही, पण खोटारडी म्हणून पहिल्या नंबरात येईन.

अस्गर वाईट असता तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी मी तापानं पडले होते तेव्हा सूप घेऊन चार जिने चढून आला होता हा.

१६ नोव्हेंबर, रविवार

वर्तमानपत्रात त्या म्हाताऱ्याचं नाव आलं. ओलुफ. आमचा ओलुफ!

म्हणजे पोहणं शिकवणारा. गावातल्या दोन पिढ्यांना त्यानं पाण्यात ढकललंय. मी काठाला चिकटून भोकाड पसरायचे, तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसायचा, पाय पाण्यात सोडून, आणि सांगायचा, "रडून घे आधी. रडता रडता पोहता येत नाही, गटांगळ्या बसतात." मग बसून राहायचा, माझं रडणं संपेपर्यंत. घाई नाही, काही नाही.

आणि मी त्याला चुंबकं लावली.

दुपारभर नुसती पडून होते. रडले. मग डोकं चालायला लागलं आणि ते त्याहून वाईट. आई विसरते. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बटाटे चुलीवर ठेवून शेजारी जाते. मी सहा वर्षांची असताना मला किराणा दुकानात विसरून घरी गेली होती, दूध मात्र घेऊन गेली! घरात सगळे हसतात त्या गोष्टीवर. आज हसू येईना. दार लावायला विसरली असणार. किंवा तो बाहेर गेलेला बघून, येईल परत, म्हणाली असणार आणि बदकाच्या रश्श्याकडे वळली असणार. माझ्या डोळ्यांसमोर आख्खं चित्र उभं राहिलं, कुणीही न सांगता.

नोकरी जाईल. गावात बेकरीपर्यंत चालणं मुश्कील होईल तिला. आणि मी? 'ती ल्युंगबोवालीची मुलगी.' हाही विचार आला. आला, म्हणून लिहिते.

१७ नोव्हेंबर

भिंतीवर पुन्हा ल्युंगबो. आज नगरपालिकेचं म्हणणं आलंय: 'एका कर्मचाऱ्याकडून दुर्दैवी चूक झाली.' एका! अस्गरनं त्या शब्दाभोवती लाल शाईनं गोल काढला.

"आता भांडण पण पाच," तो म्हणाला.

बोडिलनं चष्मा कपाळावर सरकवला. "कुणाचं भांडण? मला तर एकच बाजू दिसतेय. दुसरी बाजू कुठाय?"

"तिला शोधतोय."

आणि मी उठले! कशाला उठले, देव जाणे. म्हणाले, शोधायचं कशाला? एक बाई आहे, बिचारी चुकली, तिच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, ही कुठली बातमीदारी? लोकांना काय मिळणार तिच्या नावातून? आवाज चढला. सगळे बघत राहिले.

बोडिल शांतपणे म्हणाली, "चुकली, हे तुला कुणी सांगितलं?"

"नगरपालिकेनं—"

"हो, नगरपालिकेनं. तिनं नाही."

खाली बसले. बाहेर पडताना अस्गर सायकलचं कुलूप काढत होता. "काय झालंय तुला?" म्हणाला. "तब्येत बरी नाही," म्हटलं. नशीब माझं, त्यानं ऐकलं आणि विषय सोडला.

१८ नोव्हेंबर

बोडिलला काही कळलंय का? आज माझ्याकडे दोनदा बघितलं. की चष्म्यातून खिडकीकडे बघत होती?

१९ नोव्हेंबर

आज उचलला फोन. न उचलून किती दिवस काढणार!

आई आधी हवेबद्दल बोलली. मग शेजारच्या मांजरीबद्दल. मग बदक उरलंय, गोठवून ठेवलंय, तू ख्रिसमसला आलीस की. मी हं, हं करत होते. ओलुफबद्दल तिनं एवढंच म्हटलं, "शनिवारी पुरलं. चर्चमध्ये जागा नव्हती, लोक बाहेर उभे होते." मी म्हटलं, "अरेरे." अरेरे! माझ्या पोहण्याच्या मास्तरला मी 'अरेरे' म्हटलं.

मग आई: "तुम्ही वर्गात बातम्या वाचता ना गं? आमचं काही आलं का त्यात?"

"नाही गं, सध्या आमचं परदेशी बातम्यांचं चाललंय."

"बरं."

मागे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"तुला काही... म्हणजे, तुझं सगळं ठीक ना?"

"ठीक. अभ्यास फार आहे."

"जा मग. जेवत जा वेळेवर."

फोन ठेवला. विचारलं असतं आणि ती 'हो' म्हणाली असती तर? मग मला माहीत झालं असतं. माहीत असून अस्गरशी खोटं बोलणं वेगळं, आणि माहीत नसताना बोलणं वेगळं. असं मी स्वतःला समजावते आहे. पटत नाही फारसं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलाखत झाली. मोठं वर्तमानपत्र, पहिल्या वर्षापासून डोळा होता माझा त्यावर. दोघं होते. बाई हसरी, बुवा अजिबात नाही. गुण बघितले, लेख चाळले. मग बुवा मागे रेलून म्हणाला, "हे असले लेख आज सकाळपासून सगळ्यांनी आणलेत. तुझ्याकडे असं काय आहे, जे दुसऱ्या कुणाकडे नाही?"

जिभेवर होतं! अगदी टोकावर. ल्युंगबोच्या त्या संध्याकाळी पाळीवर कोण होतं ते मला माहीत आहे, मी तिला रात्रंदिवस केव्हाही फोन करू शकते, ती माझ्याशी बोलेल, फक्त माझ्याशीच बोलेल. जागा माझी झाली असती. त्या खुर्चीत बसून हे सगळं मनात अगदी वाक्यं जुळवून तयार झालं होतं, मथळ्यासकट!

"सायकलींच्या रस्त्यांबद्दल एक विषय आहे," मी म्हणाले.

बाईसुद्धा हसायची थांबली.

आईला विकलं नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटावी, तर तेही जमेना. विकायला काढलंच होतं की मी, मनात.

२३ नोव्हेंबर, रविवार

अस्गर उद्या चाललाय गावी. मावशीची गाडी मिळाली. बेकरीपासून सुरुवात करणार म्हणे, "खेड्यात बेकरीवाल्याला सगळं ठाऊक असतं." खरं आहे. आमच्या बेकरीवाल्याला तर माझं वजनसुद्धा ठाऊक आहे!

"रस्ते निसरडे आहेत," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"तू चल ना बरोबर. तुला त्या बाजूचे लोक कळतात. मला शहरातला म्हणून दारात उभं ठेवतील."

आत्ता सांगावं. आत्ता. अस्गर, ती माझी आई आहे, नको जाऊस. त्यानं ऐकलं असतं. नक्की ऐकलं असतं. सूपवाला अस्गर आहे तो. पण मग दहा दिवस खोटं का बोललीस, हे आलं. मग वर्गात भाषण ठोकलं होतं, तेही आलं. तोंड उघडलं, आणि म्हणाले, "मला अंग दुखतंय."

घरी येऊन आईला निरोप पाठवला: 'कुणी अनोळखी दाराशी आलं तर उघडू नकोस. चोऱ्या वाढल्यात.'

तिनं अंगठा पाठवला. आणि मागोमाग एक हसरा चेहरा.

२४ नोव्हेंबर

काही कळवलं नाही. कुणीच नाही. ना अस्गरनं, ना आईनं. नखं संपली कुरतडून.

२५ नोव्हेंबर, घाबरगुंडीचा दिवस

नाव कुणी ठेवलंय, बरोबर ठेवलंय. सगळे कँटीनमध्ये, प्रत्येकाचा फोन टेबलावर उताणा, कुणी पावाला हात लावत नाही. फोन वाजला की आख्खं टेबल दचकतं. उचलायचं, हो किंवा नाही सांगायचं, विचार करायला वेळ नाही. कुणी किंचाळतंय, कुणी संडासात जाऊन रडतंय. पलीकडे एका मुलाला चुकून दातांच्या दवाखान्यातून फोन आला, तो पण "हो! हो!" म्हणाला!

मोठ्या वर्तमानपत्राचा फोन आला नाही. येणार नव्हताच. मला बेटावरच्या एका छोट्या साप्ताहिकाकडून आला. मी हो म्हटलं. सगळ्यांनी मिठ्या मारल्या, मीही मारल्या. डोळे दाराकडे.

अस्गर उशिरा आला. बूट ओले, चेहरा ओढलेला. सरळ माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवला. "टिल्डे, तुझ्याशी बोलायचंय. बाहेर चल." मी पिशवी उचलायला वाकले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं नंबर बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि फोन घ्यायला बाहेर गेला. मी मागच्या दारानं सायकल काढून घरी आले.

म्हणजे भेटला तो तिला. म्हणजे कळलं त्याला. आता सगळ्या वर्गाला कळेल. आणि गावाला. आणि आईला कळेल, की मला सगळं ठाऊक होतं. फोन बंद करून ठेवलाय.

२६ नोव्हेंबर

सकाळी फोन चालू केला आणि लगेच आईचा आला. इतकी मोकळी कधी बोलली होती, आठवत नाही.

"आला होता गं तुझा अस्गर! अनोळखी थोडाच, तुला सूप आणून देणारा तो! तीन कप कॉफी प्यायला. भिंतीवरचा तुझा फोटो बघून जो गप्प झाला! म्हणाला, ही माझ्या वर्गात आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे रे बाबा, बस. सगळं सांगितलं त्याला. दार उघडलं की वाजणारी घंटा महिनाभर बंद होती ते, मी दोनदा तक्रार केली ते, आणि त्या संध्याकाळी सगळ्या मजल्याला मी एकटी होते ते. वरून ताकीद होती, कुणाशी बोलायचं नाही. आणि विचारायला तरी कोण येत होतं? सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. आता नावासकट छाप म्हटलं त्याला. ओलुफसाठी. काल रात्री पहिल्यांदा नीट झोपले बघ." मग आवाज हळू झाला. "मला कळत होतं गं, तुझ्यानं मला विचारवत नव्हतं. मुलीला कसं विचारवेल? म्हणून त्याला पाठवलंस ना?"

मी हो म्हटलं.