एका चिठ्ठीवर दोन नावं

लीड्स, ३ फेब्रुवारी १९५८

ति. आजीस, एल्सीचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? 'आहे जागेवर' एवढंच लिहिशील, तरी विचारते.

कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर मी आणि म्यूरिएल बसतो. साहेबांना आता एकच हवी आहे. दोघींनी एकमेकींविषयी पानभर लिहून द्यायचं, त्यावरून ठरणार. म्यूरिएलला डाव्या कानानं ऐकू येत नाही. साहेबांना हे ठाऊक नाही, कारण डावीकडून हाक आली की मी तिला कोपर लावते. हे लिहिलं तर नोकरी माझी.

कालपासून 'माझी सहकारी' इतकंच लिहून झालंय. अळणी उकडलेल्या बटाट्यासारखा शब्द. तुमच्या खाणीत याला काय काय म्हणायचे, ते कळव.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी एल्सी

ब्रॅकनहोप, ६ फेब्रुवारी

चि. एल्सीस, आजीचे अ. आ.

गुडघा आहे जागेवर.

सहकारी हा खुर्चीवरल्यांचा शब्द. एका छपराखाली पगार घेतात, एवढाच त्याचा अर्थ. खाणीत सोबती म्हणजे वाटेत बरोबर चालणारा. गडी म्हणजे कुणीही, खोरं धरता आलं की झालं. माझा वेल्सचा मेव्हणा जोडीदाराला बटी म्हणतो, पण ती माणसं मीठ मागायचं तरी गाऊन मागतात. आमच्याकडे मॅरा. सोबती शंभर, मॅरा एकच.

तुझ्या आजोबांचा, जेकबचा, मॅरा टॉट रेन. कोळसा तोडायच्या जागा दर तीन महिन्यांनी टोपीतून चिठ्ठ्या काढून वाटत. मॅरांची नावं एकाच चिठ्ठीवर, निघेल ती जागा दोघांची. अंधारात राबून टॉटचे डोळे थरथरायला लागले, तेव्हा मुकादमानं जेकबला बाजूला घेतलं. म्हणाला, वेगळी चिठ्ठी टाक, धडधाकट मॅरा देतो. टॉटचं काय करणार, तर म्हणे वर पोरांबरोबर कोळशातले दगड वेचायला बसवू. जेकब गेला आणि टोपीत दोन नावांची तीच चिठ्ठी टाकून आला.

निघाली सगळ्यात ओली जागा. तीन महिने कंबरभर पाण्यात. टॉटला बायको नव्हती, म्हणून रोज शेगडीपुढे दोघांच्या विजारी मी वाळवल्या आणि दोघांना शिव्या दिल्या. टॉट म्हणायचा, डोळे पुरते गेले तरी काळजी नाही, हॅना, तुझ्या आवाजावर घरी पोचेन.

पण खाणीचं छप्पर करकरायला लागलं की सगळ्यांत आधी त्यालाच ऐकू यायचं. एकदा त्यानं जेकबला कॉलर धरून मागं ओढलं आणि जेकब होता तिथंच छप्पर कोसळलं. तुझी आई त्यानंतरची.

काय लिहायचं ते सांगणार नाही. शब्द मागितलास, दिला. स्वस्तात वापरू नकोस.

माया आहे, पण पत्र जरा लांब लिहीत जा.

तुझी आजी

लीड्स, १७ फेब्रुवारी

ति. आजीस, सा. न. वि. वि.

मी लिहिलं की म्यूरिएल माझी मॅरा आहे, एकीलाच ठेवायचं असेल तर दोघी जाऊ. कानाचं लिहिलं नाही. साहेबांनी बोलावून विचारलं, मॅरा म्हणजे काय. टोपी आणि चिठ्ठी सांगितली. मग त्यांनी म्यूरिएलचं पान माझ्यापुढे सरकवलं. तिनं स्वतःच लिहिलं होतं की मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, तो कान एल्सी आहे, तेव्हा तिलाच ठेवा.

मी ते पान दोनदा वाचलं. साहेब म्हणाले, वर एकच लागते, ती दुसरी बघतो; तुम्ही दोघी खाली जा.

आता वरच्या बोर्डावर एक नवी मुलगी आहे. आम्हा दोघींना गोदामाच्या तळघरातला जुना बोर्ड दिलाय. भिंती पाझरतात, पाय गारठतात. म्यूरिएलनं खुर्ची माझ्या उजवीला ओढून घेतली आणि म्हणाली, इथं कोपर मारायला जागा ऐसपैस आहे.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

एल्सी

ब्रॅकनहोप, २० फेब्रुवारी

चि. एल्सी आणि चि. म्यूरिएल, दोघींस अ. आ.

ओली जागा निघाली म्हणायची. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड पाठवते. एकमेकींचे वाळवत जा, मी काही तिथं शेगडीपुढे बसायला येत नाही.

ईस्टरला दोघी या. पलंग एकच आहे, एकीनं पायथ्याशी डोकं करायचं. आणि म्यूरिएलला सांग, माझं बोलणं ऐकायला एक कान पुष्कळ झाला.

तुम्हा दोघींची आजी